जेगोचे एकशे नव्वद मिलिलिटर

वॉलरू, शनिवार दुपार

प्रिय मॉर्वेनाताई,

मंगळवारी सकाळी पावणेअकरा वाजता सिस्टर लिटियाने अधिकृतपणे सांगितलं, की आमच्या जेगोच्या मूत्राशयात एकशे नव्वद मिलिलिटर मावतं. नऊ वर्षांच्या मुलाचं तीनशे मावायला हवं (वयात एक मिळवायचा आणि तीसने गुणायचं, हे गणित आता मला पाठ झालंय). म्हणजे एकशे दहा कमी. ही बातमी ऐकीव नाही. सिस्टरने ती तपासून, कागदावर लिहून, खाली सही करून दिली आहे, आणि त्या वेळी खोलीत जेगो, कोरिन, मी आणि वॉरिक एवढे जण हजर होतो. यातल्या शेवटच्या इसमाचं तिथे काय काम होतं, असा प्रश्न तुला पडला असेल. मलाही पडला होता. हे पत्र बरंचसं त्याबद्दलच आहे.

आता रीतसर सुरुवात करतो. वडील बहिणीला धाकट्या डेन्झिलचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा जेवढं वाकता येतं तेवढंच). डार्विनच्या उकाड्यात तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा कान उघडला का? मगरी असलेल्या नदीत उभं राहून मासे धरायचं त्यांनी सोडलं असेल अशी आशा करतो, पण त्यांचा स्वभाव बघता करत नाही. इकडे गव्हाचा हंगाम संपला, धान्याच्या सायलोवर उंदीर आणि मी एवढेच उरलो आहोत, आणि दोघेही खुशाल आहोत. कुत्रा खुशाल आहे, पण त्याच्या निष्ठेबद्दल मला शंका आहे. तो विषय पुढे येईलच.

कोरिन आणि मी वेगळे झालो त्याला चार वर्षं झाली, हे तुला ठाऊक आहे. जेगो एक आठवडा तिच्याकडे, एक माझ्याकडे. शुक्रवारी संध्याकाळी अदलाबदल. वॉरिक तुला ठाऊक नाही. तो दोन वर्षांपूर्वी कोरिनच्या घरी राहायला आला. धंद्याने प्लंबर. माणूस वाईट असता तर माझं काम सोपं होतं. पण तो वाईट नाही. तो पाव घरी भाजतो. त्याच्या व्हॅनमध्ये प्रत्येक पान्याला स्वतःची जागा आहे आणि प्रत्येक पाना त्या जागेवर असतो. तो जेगोला 'साहेब' म्हणतो आणि जेगो त्यावर असा हसतो, जसा माझ्या विनोदांवर तो साडेपाच वर्षांचा असताना हसायचा. (माझे विनोद तेच आहेत, त्यामुळे दोष विनोदांचा नाही.) आणि शुक्रवारी ती व्हॅन दारात लागली की आपला कुत्रा, ज्याला मी आठ वर्षं हाताने खायला घातलं, तो आधी आत उडी मारून बसतो. त्याला दर वेळी ओढून बाहेर काढावं लागतं. वॉरिक म्हणतो, “अरे राहू दे, त्याला पाइपांचा वास आवडतो.” मी चौतीस वर्षं या माणसाला न भेटता सुखात काढली होती— असो. माझं वय सेहेचाळीस आहे हे तुला माहीत आहे, पण रागात माणसाचा आकडा चुकतो.

मुद्दा असा, की जेगो अजून अंथरुणात शू करतो. आठवड्यातून चार-पाच दिवस. आजवर आम्ही 'सुटेल आपोआप' म्हणून गप्प होतो. पण आता चौथीचा कॅम्प आला आहे. तीन आठवड्यांनी सोमवारी बस निघणार, द्वीपकल्पाच्या टोकाला तीन रात्री मुक्काम, एका खोलीत बारा पोरं, खाली-वर बंक. संमतीचा फॉर्म कोरिनच्या फ्रीजवर लटकून पिवळा पडायला आला आहे. जेगो सांगतो, की कॅम्प बोअर असतो, समुद्र तर आपल्याकडेही आहे. पण माझ्याकडे असताना त्याने टॉर्चचे सेल दोनदा काढून पुन्हा घातले, आणि कॅम्पला काय काय न्यायचं त्या यादीवर 'टॉर्च' समोर खूण केली. यादी गणिताच्या वहीत शेवटच्या पानावर होती. मी पाहिली, हे त्याला माहीत नाही. ज्याला जायचं नसतं तो खुणा करत बसत नाही, ताई. त्याला जायचंय. फक्त बारा पोरांसमोर सकाळी उठायचं नाहीये.

म्हणून दोन आठवड्यांपूर्वी आम्ही पहिल्यांदा आरोग्यकेंद्रात सिस्टर लिटियाकडे गेलो. बाई फिजीची आहे, उंच, आवाज चर्चमध्ये गाणाऱ्याचा, आणि गेली पंधरा वर्षं या भागातल्या पोरांच्या गाद्या कोरड्या करते आहे. मला वाटलं होतं की मी, कोरिन आणि जेगो. कोरिनने वॉरिकला आणलं, कारण 'तोही त्याच घरात चादरी धुतो'. (मीही धुतो. माझ्याबरोबर मी कोणाला आणायचं? वॉशिंग मशीन?) सिस्टरने विचारायला सुरुवात केली. आठवड्यातून किती वेळा, दिवसा घाई होते का, पाय आवळून बसतो का, शी रोज होते का. या शेवटच्या प्रश्नासाठी भिंतीवर शीच्या सात प्रकारांची रंगीत चित्रं लावली होती, आणि जेगोने न लाजता चौथ्यावर बोट ठेवलं. मला अभिमान वाटला. चौथा म्हणजे उत्तम दर्जा.

तेवढ्यात वॉरिकने तोंड उघडलं. “सिस्टर, एक विचारू? टाकी लहान आहे, की व्हॉल्व्ह वेळेआधी उघडतोय, की रात्री पाण्याची आवकच जास्त आहे?”

सिस्टर लिटियाने पेन खाली ठेवलं. “हेच,” ती म्हणाली. “नेमके हेच तीन प्रश्न. आई-वडिलांना समजवायला मला एरवी अर्धा तास लागतो.”

ताई, मी बावीस वर्षं सायलोवर धान्य तपासतो. ट्रकवर चढून टोचणी खुपसायची, आठ ठिकाणचा नमुना काढायचा, ओल बघायची, प्रथिनं बघायची, कचरा चाळायचा, मग दर्जा ठरवायचा. मोजमाप माझा धंदा आहे. आणि माझ्याच मुलाच्या मोजमापाच्या खोलीत एक नळवाला शाबासकी घेऊन गेला. मी गप्प बसणं बरं दिसेना म्हणून विचारलं, की हवेतल्या दमटपणाचा काही संबंध असतो का. सिस्टरने माझ्याकडे फार मायेने बघितलं आणि पुढचा प्रश्न घेतला.

पुढचा प्रश्न असा होता: घराण्यात कोणाला होतं का? आई, वडील, मामा, आत्या? बरेचदा रक्तातूनच येतं, ती म्हणाली, आणि पोराला ते कळलं की त्याचं ओझं अर्धं होतं. कोरिन म्हणाली, “नाही.” मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. वॉरिकनेही पाहिलं, हात गुडघ्यांवर, चेहरा मदतीला तयार. मी म्हणालो, “ट्रिझाइसांच्या घरात? छे. आमच्याकडे सगळे जन्मापासून कोरडे ठणठणीत.” (तू काही बोलू नकोस. पुढे वाच.)

सिस्टरने लिहिलं, 'कौटुंबिक इतिहास: नाही.' जेगो आपल्या बुटांकडे बघत होता. आणि तेव्हा वॉरिक म्हणाला, अगदी सहज, जणू पाऊस पडेल का असं म्हणावं तसं, “मला होतं. अकरा वर्षांचा होईपर्यंत.”

जेगोने मान वर केली. ताई, त्याचा तो चेहरा मी एकदाच बघितला आहे, आणि तेव्हा आमच्या गावच्या संघाने शेवटच्या मिनिटाला गोल करून फायनल मारली होती. “खरंच?” तो म्हणाला. “अकरा?” वॉरिक म्हणाला, “साहेब, माझ्या गादीवर बदकं पोहायची.” सिस्टर हसली, कोरिन हसली, जेगो तर खुर्चीवरून घसरला. सिस्टरने समजावलं, की वॉरिकचं रक्ताचं नातं नसल्यामुळे ते फॉर्मवर घेता येणार नाही, पण सांगितलं हे छान केलं. परतताना जेगो माझ्या गाडीत होता. रेल्वेच्या फाटकाशी त्याने विचारलं, “बाबा, एकाच घरात राहून येऊ शकतं का? म्हणजे मला वॉरिककडून आलं असेल का?”

मी फाटक उघडं असताना दोन मिनिटं थांबून राहिलो.

सिस्टरने काम दिलं होतं ते असं. दोन्ही घरी दोन-दोन दिवस वही ठेवायची. जे प्यायलं ते मोजून लिहायचं, जी शू झाली ती मापाच्या जगमध्ये धरून मोजून लिहायची, वेळ घालायची. नेहमीसारखं राहायचं, काही बदलायचं नाही. पहिला आठवडा त्यांच्याकडे, दुसरा माझ्याकडे. शुक्रवारी जेगो आला तेव्हा त्यांची वही बरोबर आली. मी ती वाचायला नको होती. वॉरिकचं अक्षर सुरेख आहे, हा त्याचा आणखी एक गुन्हा. सगळ्यात मोठा आकडा: एकशे नव्वद. बाकी सगळे शंभराच्या आगेमागे, दिवसातून नऊ वेळा.

मी ठरवलं, की आता त्यांना कळू दे खरं मोजमाप कशाला म्हणतात. सायलोवरून क्लिपबोर्ड आणला. घरातले सगळे कप, पेले, एक फुलदाणीसुद्धा, पाण्याने भरून त्यांचं माप चिकटपट्टीवर लिहून चिकटवलं. बाथरूमच्या खिडकीच्या कट्ट्यावर जग ठेवला आणि बरोबर समपातळीत आहे की नाही ते पाणसळीने बघितलं, कारण जग तिरका तर आकडा तिरका. नोंदीला क्रमांक दिले: जे-१, जे-२. आणि स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या फळ्यावर, जिथे एरवी दूध-ब्रेडची यादी असते, तिथे मोठ्या अक्षरात 'आजचा उच्चांक' असं लिहिलं.

पहिला आकडा आला दोनशे दहा. मी टाळी दिली. दुसरा दोनशे पासष्ट. मी जेगोला खांद्यावर घेऊन अंगणात फिरवलं (कंबर तेव्हाच धरली). रविवारी दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी जेगो बाथरूममधून ओरडला, “बाबा, तीनशे दहा!” मी धावलो. डोळा पातळीला आणून आकडा तीन वेळा वाचला. तीनशे दहा! वयाच्या मापापेक्षाही दहा वर! शेजारच्या श्रीमती पेन्बर्थीला मी कुंपणावरून सांगितलं. ती म्हणाली, “अभिनंदन, कसलं ते कळलं नाही.” तेव्हा मला काय वाटलं ते खरं सांगतो. मला वाटलं, बघा. बापाच्या घरी पोराचं मूत्राशय फुलतं. त्या घरी ते आक्रसतं. हे विज्ञान आहे, यात माझं काही नाही.

मंगळवारी दोन्ही वह्या सिस्टरच्या टेबलावर. माझी वर. तिने पानं उलटली, फुलदाणीपाशी भुवई किंचित हलली, मग ती म्हणाली, “रविवारी सकाळपासून दुपारी दोन चाळीसपर्यंत एकदाही नाही?”

“नाही,” मी म्हणालो. छाती काढूनच म्हणालो असेन.

ती जेगोकडे वळली. “जेगो बाळा, तुला लागली नव्हती, की तू धरून बसला होतास?”

जेगोने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “धरून बसलो होतो. आकडा मोठा आला की बाबा खूश होतो. दुखत होतं थोडं. मी दारामागे टाचेवर बसलो होतो.”

 कोरिनकडे बोलायला भरपूर होतं, तरी तिने फक्त जेगोला जवळ घेतलं. वॉरिक खिडकीबाहेर बघायला लागला, आणि त्याने सौजन्याने तिकडे बघितलं याचाही मला राग आला. सिस्टरने माझे दोन्ही दिवस आडव्या रेघेने काढून टाकले. मी बावीस वर्षं लोकांचे ट्रक परत पाठवले आहेत, ताई. ओल जास्त, कचरा जास्त, जा घरी. परत जाणाऱ्या माणसाचं तोंड कसं होतं ते मी वरून बघितलं आहे. आता खालून बघितलं. तर अधिकृत आकडा जो ठरला, तो एकशे नव्वद, वॉरिकच्या घरचा, वॉरिकच्या सुरेख अक्षरातला.

मग यंत्र. एक खुर्ची असते, कमोडसारखीच, खाली नरसाळं, आणि त्यात धार पडली की शेजारचं यंत्र कागदावर आलेख काढतं. डोंगरासारखा गुळगुळीत आला तर ठीक, करवतीसारखा आला तर काहीतरी अडतंय. जेगोला आत सोडून दार लावलं आणि आम्ही सगळे बाहेर. एक मिनिट. दोन मिनिटं. काही नाही. वॉरिक हळूच उठला आणि बाहेरच्या बेसिनचा नळ बारीक सोडला. “आवाजाने मदत होते,” तो कुजबुजला. नळ कोणी सोडावा? प्लंबरने. मला काही सुचेना, म्हणून मी शिट्टी वाजवायला लागलो. आपले बाबा घोड्यांना पाण्यावर नेताना वाजवायचे ती. वॉरिकने नळ जरा मोठा केला. मी शिट्टी जरा मोठी केली. शेजारच्या खोलीतून लसीला आलेलं एक बाळ रडायला लागलं. आतून जेगो ओरडला, “तुम्ही दोघंही जा ना! लांब जा!”

सिस्टर लिटियाने दरवाज्याकडे नुसता हात केला. आम्ही दोघं गाड्या लावतात तिथे जाऊन उभे राहिलो.

तिथे त्याने मला खिमा-बटाटा भरलेली अर्धी पेस्टी दिली. (बेकरीची नव्हती, घरची. आत सलगमसुद्धा होता, आपली आई घालायची तसा. हे त्याला कोणी सांगितलं?) मी घेतली, कारण सकाळपासून पोटात काही नव्हतं. मग तो म्हणाला, “डेन्झिल, एक सांगू? पण तुझ्यापाशी राहू दे.”

“सांग.”

“ते माझं अकरा वर्षांचं... तसं काही नव्हतं रे. मी तिसऱ्या वर्षापासून कोरडा. आई अजून पाहुण्यांना सांगते.”

माझा घास तोंडातच राहिला. “मग बोललास कशाला?”

“पोराकडे बघितलंस का तेव्हा? कोणीतरी हात वर करायला हवा होता. कोरिन नाही म्हणाली, तू नाही म्हणालास. उरलो मी.”

'उरलो मी.' एवढंच म्हणून तो पेस्टी खात उभा राहिला. ताई, या माणसाला एक तरी दोष असावा असं मी दोन वर्षं देवाकडे मागत होतो. शेवटी सापडला: तो खोटं बोलतो. आणि तेही माझ्या मुलासाठी, स्वतःची बदनामी करून. त्या क्षणी मी त्याचा जेवढा मत्सर केला तेवढा मी आयुष्यात कशाचाच केला नाही, तुझ्या लाल सायकलचाही नाही.

आत बोलावलं तेव्हा आलेख टेबलावर होता. डोंगर, गुळगुळीत. एकशे पंचाहत्तर मिलिलिटर. मग सिस्टरने पोटावर थंड जेली लावून छोट्या यंत्राने बघितलं. मागे राहिलेले पाच मिलिलिटर, म्हणजे काहीच नाही. कुठे काही मोडलेलं नाही. टाकी लहान आहे आणि रात्री पोराला जाग येत नाही, एवढंच. आता दिवसा पाणी भरपूर, शाळेत ठरल्या वेळी बाथरूम, धरून बसणं बंद (हे ती माझ्याकडे बघून म्हणाली). पुढे ओल लागली की उशाजवळ वाजणारी घंटा लावायची, पण तिला महिने लागतात. कॅम्पपुरती जिभेखाली विरघळणारी गोळी, आणि ती आधी घरी वापरून बघायची. कॅम्पच्या बाईंशी सिस्टर स्वतः गुपचूप बोलेल. सगळं ऐकून जेगो म्हणाला, “पण बाकी कोणाला नसतं. फक्त मला आणि वॉरिकला.” सिस्टरने पुन्हा एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “रक्ताच्या नात्यात खरंच कोणी आठवत नाही?” मी भिंतीवरच्या सात चित्रांमधलं सहावं फार बारकाईने बघितलं.

तर इकडची हालहवाल अशी आहे. गोळी परवापासून सुरू केली आहे, अजून सांगण्यासारखं काही नाही. फॉर्म अजून फ्रीजवरच. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, गुडघ्यावर मीठ-पाण्याचा शेक घे.

तुझा भाऊ,
डेन्झिल

ता.क. एक छोटंसं काम होतं, म्हणजे खरं तर काहीच नाही. जमलं तर उद्याच्या नाही, पुढच्या रविवारी संध्याकाळी सहाला जेगोला फोन कर आणि बोलता बोलता सहज सांग, की हे आपल्या घराण्यात आहे. कोणाचं नाव घ्यायचं ते तू ठरव. बाबांचं घेतलंस तरी चालेल. ते आता वाद घालायला येणार नाहीत.

ता.क. २. बाबांचं नको. पाप लागेल, आणि त्यांच्या शिट्टीने मंगळवारी मला काही मदत केली नसली तरी त्यांनी प्रयत्न केला. माझं नाव घे. पण दहा वर्षांपर्यंत असं सांग. दहा म्हणजे वॉरिकच्या अकरापेक्षा कमी, जरा बरं दिसतं. (दुसराही एक मार्ग आहे, आणि तो मी तीन दिवस मनात घोळवतो आहे. वॉरिकची गंमत जेगोला सांगून टाकायची. एक वाक्य पुरे. शुक्रवारी तोंडापर्यंत आलं होतं. कुत्रा व्हॅनमध्ये बसलेला बघून तर दातांपर्यंत आलं होतं.)

ता.क. ३. हे नव्या पानावर लिहितो. ताई, तुझ्याशी काय खोटं बोलायचं, तूच तर चादरी धुतल्यास. तेरा वर्षं दोन महिन्यांचा होईपर्यंत. सातवीच्या कॅम्पला मला गालगुंड झालं असं तू शाळेत जाऊन सांगितलंस, आणि मी चार दिवस गळ्याला मफलर बांधून घरात बसलो. चादरी तू कोंबड्यांच्या खुराड्यामागे वाळत घालायचीस, कारण पुढच्या दोरीवर घातल्या असत्या तर शाळेच्या बसमधून दिसल्या असत्या. तू तेव्हा सोळा वर्षांची होतीस आणि एकदाही कोणाला बोलली नाहीस, मलाही नाही. मी त्याबद्दल कधी आभार मानले नाहीत. मला वाटायचं, आभार मानले तर ते घडलं होतं असं ठरेल. त्या कॅम्पहून परत आलेली पोरं वर्षभर एकमेकांना काहीतरी आठवण करून देऊन हसायची, आणि मीही हसायचो, काय ते न कळता. जेगोने तसं हसू नये. तेव्हा फोन कर आणि खरं आहे तसं सांग. मला स्वतःला जमत नाहीये.

ता.क. ४. जमलं. पाकीट चिकटवत होतो तर काल इथे विसरलेली टॉर्च न्यायला जेगो कोरिनच्या घरून आला आणि त्याने विचारलं, आत्याला एवढं काय लिहितोयस? मी त्याला वरच्या ता.क.चं पान दिलं, तेवढं एकच. वॉरिकच्या गमतीची पानं मी घाईघाईने खुर्चीवर टाकली आणि त्यावर बसलो. त्याने पान दोनदा वाचलं. मग म्हणाला, “तेरा?”

“तेरा वर्षं दोन महिने.”

“वॉरिकचं अकराच होतं.”

“हो.”

“म्हणजे तू त्याला दोन वर्षांनी हरवलंस.” आणि त्याने माझ्याकडे बघितलं, ताई. त्याच फायनलच्या नजरेने. मी ज्याच्यावर बसलो होतो त्या कागदांत एक असं वाक्य होतं, की तेरा विरुद्ध शून्य झालं असतं. मी उठलो नाही. कंबर दुखत होती तरी उठलो नाही. “थोडक्यात हरला बिचारा,” मी म्हणालो. तूही कुठे बोलू नकोस.

आता पुढचं असं. येत्या नाही, पुढच्या गुरुवारी सव्वानऊला आम्ही पुन्हा सिस्टर लिटियाकडे जाणार आहोत, गोळीचा निकाल सांगायला. फॉर्मवर सही करायची की नाही ते जेगो तिथे ठरवणार. पेन घेऊन ये असं त्याने मला सांगून ठेवलं आहे. आणि 'कौटुंबिक इतिहास' मधली दुरुस्ती तो स्वतः सांगणार आहे, सगळ्यांसमोर, उभं राहून. वॉरिकला बसून ऐकावं लागेल आणि मान डोलवावी लागेल. कोरिन मात्र म्हणेल, की मी चढाओढीपायी आकडा फुगवला, आणि गेल्या वेळच्या माझ्या आकड्यांनंतर सिस्टरही तसंच म्हणेल. तेव्हा फोन राहू दे. त्याऐवजी माझी वर्षं आणि महिने स्पष्ट लिहून, खाली सही करून, आदल्या बुधवारच्या आत पोचेल असं पाठव.